पोलिसांपुढचा कबुलीजबाब

बारामतीजवळच्या कन्हेरीत मारुतीचं देऊळ आहे. शरद पवारांच्या प्रचाराचा नारळ तिथे फुटतो, हा इथल्या राजकारणाचा जुना रिवाज. घरात दोन पक्ष झाल्यावर २०२४ च्या विधानसभेला दोन्ही बाजूंनी प्रचाराची सुरुवात केली तीही कन्हेरीतूनच. या ऊसपट्ट्यापासून मुंबईचा शेअर बाजार लांब आहे. तरी महाराष्ट्र दहशतवादाशी कसा लढला, कोणता कायदा हातात घेऊन लढला, ही हकीकत इथल्या मतांपासून वेगळी काढता येत नाही. मार्च १९९३ मध्ये पवार बारामतीचे खासदार आणि देशाचे संरक्षणमंत्री होते. दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत काँग्रेसनं त्यांना परत पाठवलं. ६ मार्चला त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि पुढच्या शुक्रवारी, १२ मार्चला, शहरात बॉम्ब फुटले.

पहिला दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजाराच्या तळघरात. मग काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचं सेंच्युरी बाजार, प्लाझा सिनेमा, झवेरी बाजार, विमानतळाजवळची हॉटेलं. दोन-सव्वादोन तासांत १२ ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. त्या संध्याकाळी पवारांनी दूरदर्शनवर मशीद बंदरसह तेरा स्फोट सांगितले. मशीद बंदरला काहीच झालं नव्हतं. बॉम्ब फुटलेल्या बहुतेक जागा हिंदू वस्तीच्या होत्या. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत नऊशे माणसं मेली होती. आता तिसरी फेरी पेटेल ही भीती खरी होती. तेरावा स्फोट मुद्दाम सांगितला, हे पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगापुढे आणि नंतर जाहीरपणे पवारांनी कबूल केलं. राज्यकर्त्यानं लोकांशी खोटं बोलावं का, हा प्रश्न मला अजूनही टोचतो. पण त्या रात्री मुंबई पेटली नाही, आणि ज्यानं हे केलं त्यानं ते आयोगापुढे, म्हणजे जाब विचारणाऱ्यांपुढे, सांगितलं. पुढच्या बत्तीस वर्षांत इतकं साधं उत्तरदायित्व क्वचित दिसलं.

तपासाला वेग आला तो वरळीतल्या एका बेवारस मारुती व्हॅनमुळे. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमला मेमन कुटुंबाच्या घरी पोचले, तोवर घर रिकामं झालं होतं. तिथून धागे सुटत गेले आणि थेट रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन थांबले. जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला माल उतरला होता: शस्त्रं, दारूगोळा आणि आरडीएक्स. या मालाच्या वाटेवर सरकार नव्हतं असं नाही. कस्टम्सचे अधिकारी होते, पोलीसही होते. त्यांतल्या काहींनी लाच घेऊन माल सोडला, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं आणि त्यांना शिक्षाही झाल्या. टाडा हा देशातला दहशतवादाविरुद्धचा सर्वांत कडक कायदा माल उतरला तेव्हाही लागूच होता. मुंबईच्या वाटेवरचा माणूस विकला गेला होता, आणि तो विकला जाऊ नये यासाठी टाडात काहीच नव्हतं. सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांची तागडी मांडणारे शेखाडीचा किनारा विसरतात, म्हणून हे आधी सांगितलं.

टाडा १९८५ चा. पंजाब पेटलेला होता, दिल्लीत ट्रान्झिस्टर बॉम्ब फुटले होते. दोन वर्षांपुरता म्हणून आलेला हा कायदा १९८७ मध्ये पुन्हा नव्यानं झाला आणि त्यात कलम १५ आलं. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे आरोपीनं दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेता येईल, असं ते कलम. वाचायला किरकोळ वाटतं. पण या देशात सव्वाशे वर्षं उलटं चालत आलं होतं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात शून्य, हा नियम इंग्रजांनी केला आणि तोही मनाच्या मोठेपणातून नव्हे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. महसूल वसूल करताना आणि गुन्हे कबूल करून घेताना हाताखालची माणसं रयतेशी काय करतात, ते त्यात उघड झालं. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बंदी आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कलम २५ म्हणून पक्की झाली. परकी सरकारलासुद्धा आपल्या फौजदारावर एवढा भरवसा ठेवता आला नव्हता. स्वतंत्र भारताच्या लोकनियुक्त संसदेनं तो ठेवला.

टाडानं पोलीस कोठडी १५ दिवसांवरून ६० दिवसांपर्यंत नेली आणि जामीन जवळपास बंद केला. ही मुदत आणि कलम १५ वेगवेगळे वाचून चालणार नाही. साठ दिवस माणूस ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याच वरिष्ठापुढे तो कबुली देणार. बाहेर आल्यावर त्यानं 'मारून लिहून घेतलं' म्हटलं, तर ते पटवून देण्याचा भार व्यवहारात त्याच्याच अंगावर. कर्तारसिंग खटल्यात ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम १५ वैध ठरवलं, पण तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांनी विरोधात निकालपत्रं लिहिली. ज्यांनी कलम राखलं त्यांनीही सोबत पथ्यं घालून दिली: जबाब मोकळ्या वातावरणात घ्यावा, आरोपीच्याच भाषेत घ्यावा, त्याला विनाविलंब मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं, छळाची तक्रार असेल तर वैद्यकीय तपासणी व्हावी.

तोवर टाडा देशभर पसरला होता. पंजाबसाठी केलेला कायदा गुजरातच्या शेतकऱ्यांनाही लागला. १९९४ पर्यंत अटकांचा आकडा ७५ हजारांच्या वर गेला आणि गुन्हा शाबित झालेले त्यांत अगदी थोडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये सगळ्या खासदारांना पत्र लिहून कायद्याची मुदत वाढवू नका असं कळवलं. मे १९९५ मध्ये मुदत संपली, वाढली नाही. निवडून आलेल्या सभागृहानं आपलं हत्यार आपल्या हातानं खाली ठेवलं, हे या हकीकतीत फार वेळा घडलेलं नाही.

मुंबईचा खटला मात्र टाडाखालीच चालू राहिला. आर्थर रोड तुरुंगातल्या न्यायालयात १२३ जणांवर खटला चालला. निकालाला सुरुवात झाली १२ सप्टेंबर २००६ रोजी. न्यायाधीश पी. डी. कोदे यांनी १०० जणांना दोषी ठरवलं, २३ सुटले. १२ जणांना फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयात मार्च २०१३ मध्ये फक्त याकूब मेमनची कायम राहिली आणि ३० जुलै २०१५ ला नागपुरात ती अमलात आली. या खटल्यात कबुलीजबाबांचं वजन मोठं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या आधाराला उतरलेला माल होता, हस्तगत झालेली शस्त्रं होती, गाड्या होत्या, दुबईला जाऊन आल्याचे पुरावे होते. मला तर वाटतं, या यशाचा पोलीस दलानं चुकीचा धडा घेतला. व्हॅनच्या नोंदणीपासून शेखाडीपर्यंत पायपीट करून लागलेला तपास लक्षात राहायला हवा होता. लक्षात राहिलं ते कलम १५.

त्याच काळातल्या दंगलींचे बहुतेक खटले साध्या कायद्यानं चालले. निम्म्याहून अधिक गुन्हे 'खरे, पण तपास लागला नाही' असा शेरा मारून पोलिसांनी बंद केले. श्रीकृष्ण आयोगानं फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला. बॉम्बस्फोट ही अयोध्या आणि मुंबईतल्या घटनांची प्रतिक्रिया होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं. एकाच शहरातल्या, एकाच साखळीतल्या दोन गुन्ह्यांना दोन मापं लागली. ज्यांच्या घरचं माणूस जानेवारीत गेलं त्यांच्यासाठी न्यायालयाचं दार अर्धवट उघडलं आणि बंद झालं. त्यांच्या मनात काय राहिलं असेल, याचा विचार सुरक्षेच्या हिशेबात कुणी धरला नाही.

१९९९ मध्ये युती सरकारनं 'महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा' आणला. लोक त्याला मोक्का म्हणतात. त्या वेळी मुंबईत बिल्डर, सिनेनिर्माते, हॉटेलमालक खंडणीच्या फोनांनी हैराण होते, भरदिवसा गोळ्या झाडल्या जात होत्या. कायदा टोळ्यांसाठी आहे असं सांगितलं गेलं आणि लोकांनी तो स्वीकारला. टाडातलं कलम १५ इथे कलम १८ होऊन परत आलं. आरोपपत्राला १८० दिवस, जामिनाला तोच अडसर. केंद्रात २००२ मध्ये पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा आला, त्यातही पोलिसांपुढची कबुली होती. २००४ मध्ये तो गेला. मोक्का राहिला. संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत 'बंडाळीला चालना देणं' असे शब्द होते, त्यांतून दहशतवादाचे खटलेही मोक्कात बसू लागले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. राज्यात सत्ता या काळात आळीपाळीनं सगळ्यांकडे होती. गृहखातं पंधरा वर्षं राष्ट्रवादीकडे होतं. कलम १८ ला कुणी हात लावला नाही.

पोटाच्या त्या दोन वर्षांतलं एक नाव इथे घेतलंच पाहिजे. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. परभणीचा ख्वाजा युनूस, विशीतला इंजिनिअर, पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की तपासासाठी नेताना पारनेर भागात गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या एका आरोपीनं वेगळंच सांगितलं: त्याला निर्वस्त्र करून पट्ट्यानं मारताना आणि रक्ताची उलटी होताना आपण पाहिलं. उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर सीआयडीनं चौकशी केली आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा आला. युनूसचा मृतदेह मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यात उभे राहिलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. परभणीच्या त्या आईनं वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या घातल्या.

११ जुलै २००६. मंगळवारची संध्याकाळ, पश्चिम रेल्वेच्या लोकल खच्चून भरलेल्या. चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात बॉम्ब फुटले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. दोनशेला थोडे कमी इतके लोक मेले, आठशेहून अधिक जखमी झाले. पाऊस पडत होता, रुळांशेजारच्या वस्त्यांतली माणसं चादरी घेऊन धावली आणि चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढलं. सरकारची माणसं पोचण्याआधी ती पोचली होती.

दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) १३ जणांना अटक केली. मोक्का लागला आणि कलम १८ खाली ११ जणांचे कबुलीजबाब वेगवेगळ्या पोलीस उपायुक्तांनी नोंदवले. न्यायालयात उभं राहिल्यावर सगळ्यांनी ते नाकारले. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा, अब्दुल वाहिद शेख हा शिक्षक, नऊ वर्षांनी निर्दोष सुटला. त्यानं 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं आणि आतल्यांसाठी धावपळ चालू ठेवली. आतल्यांपैकी एकानं तुरुंगातूनच माहिती अधिकाराचे अर्जांवर अर्ज धाडले: अमक्या तारखेला तमका अधिकारी कुठे होता, अमक्या रुग्णालयाची नोंद काय सांगते. पोलिसांची कागदपत्रं पोलिसांपुढेच मांडण्याचा हा उद्योग त्यानं वर्षानुवर्षं केला. दरम्यान २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनं इंडियन मुजाहिदीनची माणसं पकडली. त्यांतल्या एकानं लोकलमधले बॉम्ब आमच्या गटानं ठेवले असं सांगितलं. म्हणजे एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कबुल्या झाल्या, माणसं वेगळी, गट वेगळा. दोन्ही खऱ्या असणं शक्य नव्हतं. एटीएस आपल्या आरोपींवर ठाम राहिली.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष सोडलं. एक जण तोवर नागपूरच्या तुरुंगात कोविडनं गेला होता. त्याचं निर्दोषत्व मरणोत्तर. या निकालपत्रात कबुलीजबाबांची जी तपासणी आहे, ती फौजदारी वकिली करणाऱ्यानं आणि प्रत्येक पोलीस अधिकाऱ्यानं वाचावी अशी आहे. न्यायालयानं जबाब शेजारी शेजारी ठेवून पाहिले. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या अधिकाऱ्यांपुढे, निरनिराळ्या माणसांनी दिलेल्या जबाबांत प्रश्न तेच, आणि उत्तरांत ओळीच्या ओळी त्याच. केईएम आणि भाभा रुग्णालयांच्या वैद्यकीय नोंदी छळाच्या तक्रारींना दुजोरा देणाऱ्या. जबाब घेण्याआधी आरोपीला कायद्यानं द्यायची समज नीट दिल्याचं दिसत नव्हतं.

बाकीचा पुरावाही असाच निसटत गेला. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं, पण घटनेनंतर शंभरहून अधिक दिवसांनी. रोज शेकडो प्रवासी नेणाऱ्या माणसाला साडेतीन महिन्यांनी एक चेहरा कसा आठवावा, असा न्यायालयाचा साधा सवाल होता. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची मुदत आधीच संपलेली होती, त्यामुळे ती परेडच बाद. जप्त केलेला मुद्देमाल नीट सीलबंद ठेवल्याचं सिद्ध झालं नाही. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकार पक्षाला शाबित करता आलं नाही. १८९ जणांच्या मृत्यूच्या तपासात ही कामं झाली नव्हती. कबुली हातात आहे म्हटल्यावर ती करायची गरज वाटली नसावी, असं मी म्हणतो. न्यायालयानं तसं म्हटलेलं नाही. न्यायालयानं सुरुवातीलाच म्हटलं ते असं की, गुन्हा उलगडल्याचा भास निर्माण केला तर लोकांचा विश्वास तर जातोच, खरा धोकाही मोकळा राहतो.

राज्य सरकार तातडीनं सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयानं सांगितलं की हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून धरू नये; सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. ज्यांची माणसं डब्यात गेली त्या घरांनी निकालाच्या दिवशी विचारलं, मग मारलं कुणी? तो प्रश्न सुटलेल्यांवरचा रोष म्हणून दाखवला गेला. मला तो पोलिसांना आणि सरकारला विचारलेला वाटला.

मालेगावची गोष्ट तर दोनदा घडली. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान परिसर. तीसहून अधिक माणसं मेली, बहुतेक मुसलमान. एटीएसनं पकडले तेही स्थानिक मुसलमान, नऊ जण, मोक्काखाली, कबुलीजबाबांसह. पाच वर्षं ते आत राहिले. पुढे एका वेगळ्या खटल्यातल्या आरोपीनं दिल्लीत मॅजिस्ट्रेटपुढे दिलेल्या जबाबानं तपासाची दिशाच फिरली (तो जबाबही त्यानं नंतर मागे घेतला). राष्ट्रीय तपास यंत्रणेनं (एनआयए) नऊ जणांविरुद्ध पुरावा नसल्याचं सांगितलं आणि २५ एप्रिल २०१६ ला मुंबईतल्या विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. एक जण तोवर वारला होता.

२९ सप्टेंबर २००८ ला त्याच मालेगावात भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेला बॉम्ब फुटला. सहा जण गेले. हेमंत करकरे यांच्या एटीएसनं साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक केली. त्यांनाही मोक्का लागला. पुरोहित नऊ वर्षांनी जामिनावर सुटले. त्याआधीच २०१६ मध्ये एनआयएनं मोक्का काढून घेतला आणि त्याबरोबर त्याखालचे कबुलीजबाबही गळून पडले. छळाच्या तक्रारी याही आरोपींनी केल्या. साक्षीदार फिरत गेले. ३१ जुलै २०२५ ला खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. लोकलच्या निकालानंतर दहा दिवसांनी. ज्यांनी पहिल्या निकालावर संताप केला त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्यावर पेढे वाटले, आणि उलटही झालं. दोन्ही खटले एकाच कलमावर उभे होते आणि दोन्हींत मेलेल्यांच्या घरी शेवटी सारखंच उत्तर पोचलं, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

करकरे हा निकाल बघायला नव्हते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते आणि अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्यानंतर थोड्याच वेळात गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे या पोलिसानं हातात नुसती लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पकड सोडली नाही. म्हणून एक अतिरेकी जिवंत मिळाला. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली होती. त्या आठवड्यात याला खटला कशाला हवा, असं घराघरांत बोललं जात होतं. बोलणाऱ्यांना मी दोष देत नाही.

महाराष्ट्रानं खटला चालवला, आणि चांगला चालवला. कसाबचा कबुलीजबाब पोलीस उपायुक्तानं घेतला नाही. तो मॅजिस्ट्रेटपुढे झाला. फेब्रुवारी २००९ च्या मध्याला त्याला मॅजिस्ट्रेट आर. व्ही. सावंत-वाघुले यांच्यापुढे आणलं. त्यांनी आधी त्याला तो कोणापुढे उभा आहे ते सांगितलं. आपण पोलीस नाही, जबाब देण्याची सक्ती नाही, दिला तर तुझ्याविरुद्ध वापरला जाईल आणि फाशीही होऊ शकते, हे समजावलं. मग जबाब न घेता विचार करायला परत पाठवलं. दुसऱ्यांदा आणलं, पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा वेळ दिला. तिसऱ्या खेपेला, २० आणि २१ फेब्रुवारीला, जबाब नोंदवला. आपल्याला पश्चात्ताप नाही, असं तो तिथे म्हणाला. सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या सावध पद्धतीची तपशीलवार दखल घेतली आणि जबाब ग्राह्य धरला. सोबत सीएसटीवर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी टिपलेली चित्रं होती, सीसीटीव्ही होता, डीएनए होता, शेकडो साक्षीदार होते, सरकारी खर्चानं दिलेले वकील होते. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी कसाबला फाशी दिली आणि त्याच निकालात, पुरावा पुरेसा नाही म्हणून, दोन भारतीय आरोपींना सोडलं. त्यांतल्या एकाचे वकील शाहिद आझमी फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्याच्या आपल्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले होते. ते स्वतः पोरवयात टाडाखाली आत जाऊन आलेले, तिहारमध्ये शिकलेले. २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी कसाबला पुण्यात येरवड्याला फाशी झाली. हल्ल्याला चार वर्षं पूर्ण व्हायची होती. सगळे खटले ज्या वेगानं चालावेत तो वेग इथे मिळाला, आणि पोलिसांपुढची कबुली न वापरता मिळाला.

डिसेंबर २००८ मध्ये, मुंबई अजून धुमसत असताना, संसदेनं बेकायदा कारवायांविरुद्धचा यूएपीए कायदा कडक केला. जामीन अवघड केला, आरोपपत्राची मुदत १८० दिवसांची केली. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब त्यात परत आणला नाही. देशानं त्या गोष्टीवर फुली मारली. महाराष्ट्रात मोक्काच्या कलम १८ ला मात्र त्यानंतरही कुणी हात लावला नाही.

जुलै २०२५ च्याच १० आणि ११ तारखांना विधिमंडळानं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. लोकल स्फोटांना ११ तारखेला १९ वर्षं होत होती. मसुद्यावर १२ हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या, संयुक्त समिती बसली, शब्द बदलले: व्यक्ती आणि संघटनांऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना. कोणती संघटना बेकायदा हे सरकार ठरवणार, सल्लागार मंडळ ते तपासणार. विधानसभेत विरोधात उभा राहिला तो डहाणूचा एकच आमदार, माकपचे विनोद निकोले. बारामतीचे आमदार अजित पवार तेव्हा उपमुख्यमंत्री होते. कन्हेरीत नारळ फोडणाऱ्या दोन्ही बाजूंना या विधेयकाबद्दल त्या गावात कुणी प्रश्न विचारला असता तर मला फार आनंद झाला असता. ऊसदर, पाणी, रस्ते यांचे प्रश्न विचारले जातात आणि विचारलेच पाहिजेत. पण मोक्का आता मुंबईपुरता उरलेला नाही.

पुणे जिल्ह्यात आज मोक्का लागतो तो कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांना. अठरा-वीस वर्षांची पोरं असतात, शहरातली आणि तालुक्यांतलीही. त्यांचा उपद्रव खरा आहे. ज्याच्या दुकानावर ती चालून जातात त्याला विचारा. त्यांना शिक्षा झाली पाहिजे. पण त्यांनाही कलम १८ च लागतं, तीच लांबलेली कोठडी, तोच उपायुक्तापुढचा किंवा अधीक्षकापुढचा जबाब. लोकल खटल्यातल्या बाराजणांसाठी जमियत उलेमानं कायदेशीर मदत उभी केली, ओडिशा उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधर युक्तिवादाला उभे राहिले, न्यायालयानं महिनोन्‌महिने सुनावणी घेऊन जबाब ओळ न् ओळ ताडून पाहिले. तरी एकोणीस वर्षं लागली. तालुक्याच्या गावातून मोक्कात गेलेल्या पोराचा बाप जामिनासाठी पहिल्यांदा वकिलाकडे जातो तेव्हा फीसाठी गुंठेवारीचा कागद बरोबर घेऊन जातो. त्याच्या पोराचा जबाब दुसऱ्या आरोपीच्या जबाबाशेजारी ठेवून कोण वाचणार?